चौथा माणूस वाजवत नाही

९ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचा फोन तीनदा वाजला आणि तीनदा मी त्याच्याकडे नुसती बघत बसले. रागावू नका. वकीलबाईंनी सक्त बजावलंय, एप्रिलमध्ये साक्षी सुरू होईपर्यंत फोनवर कुणाशी काही बोलायचं नाही. म्हणून कागद घेऊन बसलेय. शाळा सुटल्यापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

सासूबाई बऱ्या आहेत. गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत. काल गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या, "सून किल्ल्या झकास करते, स्वयंपाकाचं मात्र विचारू नका."

आता मुद्द्याचं. आळीत गाणारे-वाजवणारे आलेत. शनिवारपासून रोज चार वाजता फाटकापाशी खुर्च्या मांडून बसतात. व्हायोलिनवाल्या एक बाई, पन्नाशीच्या, बोलणं मऊ. एक अकॉर्डियनवाले काका, त्यांचं पोट आधी येतं, मागून अकॉर्डियन. आणि एक गाणारी मुलगी. म्हणे, जिथे दंगली-मारामाऱ्या झाल्या तिथे जाऊन हे वाजवतात. लोकांनी एकत्र बसावं, ऐकावं, मनातलं बाहेर काढावं.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. "तुमच्या मिस्टरांना कोणतं गाणं आवडायचं?"

मी कानस चालवत म्हटलं, "कुलपाचं. खट्ट वाजलं की खूश व्हायचे."

त्या हसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. मग मीच सगळं सांगून टाकलं. "बाई, तीन वर्षांपूर्वी या आळीत मिरवणूक शिरली. पुढे ढोल, मागे काठ्या. कंत्राटदाराला आळी रिकामी हवी होती, निमित्त केलं नळाच्या भांडणाचं. पळायला वाट एकच, हे फाटक, आणि त्याला साखळीचं कुलूप. माझ्या नवऱ्याने ते उघडलं. चाळीस माणसं पलीकडे खालच्या आळीत पळाली. तिथे बावीस घरं, बावीस दारं बंद. हा फाटकात उभा राहून ओरडत राहिला, 'दारं उघडा! दारं उघडा!' एक उघडलं नाही. सहा माणसं त्या दारांपुढे मेली. शेवटचा हा, फाटक सोडून त्यांच्यामागे धावला तेव्हा. आणि पोलिसांना बावीस घरांनी एकच वाक्य सांगितलं, ढोल इतका जोरात होता की दुसरं काही ऐकू आलं नाही. आता सांगा, यावर कोणतं गाणं वाजवता?"

त्या उठून गेल्या आणि चार वाजता पुन्हा फाटकापाशी खुर्ची मांडून बसल्या.

वन्सं, मला हे लोक खटकतात. काही मागत नाहीत, हे तर जास्तच खटकतं. तीन वर्षं कुणाला आमच्या मनाची काळजी नव्हती. आता साक्षी तीन महिन्यांवर आल्यावर मन मोकळं करायला माणसं धाडली जातात? मोकळं झालेलं मन कोर्टात काय बोलणार? कंत्राटदार अजून मोकळा हिंडतोय, त्या दिवशी त्याला म्हणे कुणी पाहिलंच नाही. हे त्याचं तर काम नसेल?

तुम्ही हॉस्पिटलात दहा तऱ्हेची माणसं बघता. तुम्हाला काय वाटतं?

तुमची वहिनी


१८ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. माझं डॉक्टरांच्या संगतीने बिघडलं.

तुझा संशय मला समजतो गं. पण दिसेल त्याला चोर म्हणत गेलं की शेवटी चोराचंच फावतं. इथे वॉर्डांत अशी माणसं येऊन वाजवतात. आमच्या व्यायामाच्या खोलीत एक बाई आहेत, अपघातानंतर खांदा हलवत नव्हत्या. एका दुपारी बाहेर व्हायोलिन चालू होतं आणि बाईंनी आपसूक हात उचलून केस सारखे केले. मी बघत राहिले. चार महिने मी तेच करवून घ्यायचा प्रयत्न करत होते.

लगेच घरात घे असं म्हणत नाही. लांबून ऐक. दुकानाचं दार उघडंच असतं, कान बंद करायला तुझ्याकडे कुलूप नाही.

आईला तिथे खुर्ची टाकून बसव. घरात बसून बसून तिचे गुडघे धरतात. आणि त्यांच्यातला तो ढोलवाला वाजवतो का, की नुसताच बसून असतो? आईशी नीट वागतो ना, तेवढं कळव. म्हाताऱ्या माणसांची सगळेच कदर करतात असं नाही.

हातमोजे पाठवलेत आईसाठी. डाव्याचा अंगठा जरा घट्ट झालाय.

तुझी वन्सं


२९ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

हातमोजे पोचले. सासूबाई ते घालून भर उन्हातही बसतात, लेकीने विणलेत म्हणून.

तुमचं ऐकून मी लांबून ऐकलं. खोटं कशाला बोलू, परवा मुलीने एक गाणं असं म्हटलं की मी गिऱ्हाइकाच्या कपाटाची किल्ली त्याच्याच सायकलच्या कुलपाला बसेल अशी कापली. कोरी किल्ली फुकट गेली. ऐकून बरं वाटलं, म्हणून मग मला माझाच संशय आला. एवढ्यात बरं वाटायला लागलं मला?

वरच्या आळीतली निम्मी माणसं आता चार वाजले की खुर्च्या घेऊन निघतात. ज्या दोन जावा तीन वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, कोण आधी पळालं यावरून, त्या काल शेजारी बसून रडल्या. खालच्या आळीतलं कुणी येत नाही. पण तिकडच्या खिडक्या चार वाजता किलकिल्या होतात. मी मोजते. पहिल्या दिवशी दोन, काल नऊ.

बाईंना मी विचारलं, तुम्हाला कुणी बोलावलं? त्या म्हणाल्या, "योग्य वेळ आली की तो माणूस स्वतः सांगेल." हे काय उत्तर झालं? वकीलबाईंना चौकशी करायला सांगितलंय. त्याही म्हणाल्या, सावध राहा, समोरची बाजू साक्षीदारांना नरम करायला काहीही करेल.

त्यांच्यात एक चौथा माणूसही आहे, मागच्या पत्रात लिहायचा राहिला, कारण तो वाजवत नाही. चाळिशीचा, सडपातळ. खुर्च्या मांडतो, सतरंज्या झटकतो, मग भिंतीकडे तोंड करून बसतो. कुणाशी बोलत नाही. सासूबाईंनी त्याचं नाव 'मुका' ठेवलंय आणि त्याला लोकर धरायला बसवलंय. दोन्ही हात पुढे करून तो तासभर बसतो, त्या गुंडा करतात आणि त्याला तुमच्या भावाच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात. तो मान खाली घालून ऐकतो.

आता एक विचारते. मी तुम्हाला लिहिलं होतं तीन माणसांबद्दल. व्हायोलिन, अकॉर्डियन आणि गाणारी. या लोकांकडे ढोल नाही. असता तर या आळीने त्यांना दगड मारून हाकललं असतं. मग तुमच्या पत्रात 'तो ढोलवाला' कुठून आला?

तुमची वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

अगं, वाजवणारी माणसं म्हटली की त्यात एक ढोलवाला असायचाच, म्हणून हात लिहून गेला. तू आता माझ्या पत्रातले शब्दही भिंगाखाली धरणार का? आरोपींच्या यादीत मलाही घालून टाक.

इथे कामाची गर्दी आहे. जास्त लिहीत नाही. आईला जप.

वन्सं


११ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचा भाऊ मला शिकवायचा, कुलपावर जोर करायचा नाही. तार घालायची, हलकेच फिरवायची आणि बोटाला कुठे अडतंय ते बघायचं. जिथे अडतं, तिथेच ते उघडतं. तुमचं मागचं पत्र मी पाच वेळा वाचलं. सहा ओळींचं पत्र, आणि एरवी तुम्ही दोन कागद दोन्ही बाजूंनी भरता. शिवाय तुम्ही नुसतं 'ढोलवाला' लिहिलं नव्हतं. 'तो ढोलवाला' लिहिलं होतं. 'नुसताच बसून असतो का' असंही विचारलं होतं.

मंगळवारी चारच्या आधीच मी फाटकाशी गेले. मुका एकटाच खुर्च्या मांडत होता.

मी म्हटलं, "तुम्ही ढोल वाजवता ना?"

त्याच्या हातातली खुर्ची पडली. उचलली नाही त्याने. म्हणाला, "वाजवायचो."

"कुठे?"

तो आळीच्या वळणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेवटचा इथेच वाजवला."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी त्याच्या अंगावर धावून गेले म्हणतात. तेवढ्यात आलेल्या अकॉर्डियनवाल्या काकांनी मला धरलं. मी विचारत होते, कुणी पाठवलं तुला, कंत्राटदाराने? आणि तो एकच वाक्य म्हणत होता, "तुमच्या नणंदबाईंनी."

मी त्यांना सगळ्यांना आळीतून बाहेर काढलं. कारण कुणाला सांगितलं नाही. सासूबाई विचारतायत, मुका का येत नाही? अर्धा गुंडा तसाच पडलाय. वन्सं, ज्याच्या ढोलाखाली त्यांच्या लेकाचा आवाज दाबला गेला, त्याच्या हातावर त्या दोन आठवडे लोकर गुंडाळत होत्या. आणि हे तुम्हाला माहीत होतं. 'आईशी नीट वागतो ना' म्हणून तुम्ही चौकशीसुद्धा केलीत!

मला आता तुमच्याबद्दल काय वाटतं ते लिहिलं तर कागद जळेल. एवढंच विचारते. कंत्राटदाराची माणसं तुमच्यापर्यंत पोचली का? काही दबाव आणला का? तसं असेल तर सांगा, मी समजून घेईन. तसं नसेल तर मात्र मला समजतच नाही.

उलट टपाली उत्तर हवं. पूर्ण.


१७ फेब्रुवारी

वहिनी,

मला कुणी दाबलं नाही. जे केलं ते माझ्या अकलेने केलं.

गेल्या मार्चमध्ये तो आमच्याकडे आला. उजवं मनगट लाकडासारखं. एक्स-रे साफ, नसा शाबूत. डॉक्टरांनी लिहिलं, कारण दिसत नाही. आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं त्याचा हात माझ्या हातात असायचा. हात हातात दिला की माणूस बोलायला लागतो, आमच्याकडे सगळेच बोलतात. हा बोलायचा नाही, म्हणून मीच बडबडायचे. एकदा आईचं सांगता सांगता आळीचं सांगितलं, भाऊ कसा गेला तेही. त्याने हात ओढून घेतला आणि निघून गेला. दोन आठवडे फिरकला नाही. मग एका सकाळी मी खोली उघडायला आले तर दारात उभा. म्हणाला, "ताई, तो ढोल माझा होता."

मी काय केलं असेल सांग. ओरडले नाही. म्हटलं, "आत या, हात दाखवा." सवयीने गं. आणि मनगट हातात आल्यावर वाटलं, मोडावं. कुठे किती दाबलं की मोडतं, हे मला रोजच्या कामाने ठाऊक आहे. दोन मिनिटं मी ते तसं धरून ठेवलं. त्यालाही कळलं होतं. पण या वेळी त्याने हात काढून घेतला नाही.

मग त्याने सांगितलं. तो परगावचा, मिरवणुकीसाठी बोलावलेला. नाकातोंडाला रुमाल, म्हणून कुणी ओळखलं नाही. कंत्राटदार स्वतः आळीच्या वळणावर त्याच्या शेजारी उभा होता, वहिनी. म्हणाला होता, "मी हात वर करेपर्यंत थांबायचं नाही. आतलं बाहेर ऐकू जाता कामा नये." याने वाजवलं. आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, पण थोड्या वेळाने कळलं. कळल्यावरही तो वाजवत राहिला, भीतीने. हे त्याने मला स्वतःहून सांगितलं, लपवलं असतं तरी मला कळलं नसतं.

मी म्हटलं, पोलिसांत जा. तो म्हणाला, तिथे कंत्राटदाराचेच लोक आहेत. मी म्हटलं, मग त्या आळीत जा. व्हायोलिनवाल्या बाई आमच्या वॉर्डात वाजवायला यायच्या. मीच त्यांना सांगितलं, याला घेऊन तिकडे जा. त्यांना सगळं माहीत होतं. आधी ओळख होऊ दे, मग तो स्वतः तुझ्यापुढे उभा राहील, असं ठरलं होतं. तुला आधी लिहिलं असतं तर तू फाटक लावून घेतलं असतंस.

इथे माझं चुकलं. फाटक लावायचं की नाही हे तू ठरवायचं होतंस, ते मी ठरवलं. आणि आईला मध्ये आणलं. ती त्याला लोकर धरायला बसवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अजून एक, मग पूर्ण झालं. वर्षभर मी त्याचा हात बरा करत होते आणि तो बरा होत होता. काही दिवस मला त्याचा आनंदही झाला. हे तुला कसं सांगणार होते?

वन्सं


२ मार्च

वन्सं,

पंधरा दिवस तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दहा दिवस पाळलं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तो दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. व्हायोलिनवाल्या बाई मागे. म्हणाला, "तुम्ही सांगाल ते." मी कानस खाली ठेवली नाही, हातात काहीतरी हवं होतं. म्हटलं, "रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. माफी मागायची असेल तर ती माझ्याकडे शिल्लक नाही. कंत्राटदार तुमच्या शेजारी उभा होता, हे न्यायाधीशापुढे सांगा. आधी जबाब. मग तुमचं गाणं-बजावणं."

तरी मला वाटत होतं हा पळणार. वकीलबाईंनाही वाटत होतं की हा समोरच्या बाजूने पेरलेला माणूस आहे, आयत्या वेळी उलटेल. त्यांनी त्याला उभं-आडवं तपासलं, तीनदा तेच विचारलं, तीनही वेळा तेच सांगितलं त्याने. सव्वीस तारखेला न्यायाधीशांसमोर जबाब झाला. चार तास. कंत्राटदाराचं नाव कागदावर आलं, वन्सं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्या लोकांच्या खोलीच्या काचा फोडल्या. अकॉर्डियनवाल्या काकांच्या कपाळाला चार टाके पडले. म्हटलं, आता नक्की बाडबिस्तरा गुंडाळतील. चार वाजता बघते तर पट्टी बांधून काका हजर. मी विचारलं, कशाला आलात? म्हणाले, "चार वाजले ना."

मग वकीलबाईंच्या डोक्यात एक आलं आणि माझ्याही. त्या म्हणाल्या, कोर्टात बावीस घरं पुन्हा तेच म्हणणार, ढोलामुळे ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मग ऐकून बघू या की.

काल रविवारी सगळी वरची आळी जमवली. आधी सगळ्यांना खरं सांगितलं, हा कोण आहे ते. काही जण उठून गेले. एकाने खुर्ची उचलली मारायला. व्हायोलिनवाल्या बाई मध्ये उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मारा, पण वाजवून झाल्यावर." मी तुम्हाला सांगते, त्या बाईंवर माझा अजून पुरता विश्वास नाही, पण छाती आहे.

सासूबाई पुढच्या खुर्चीवर होत्या. त्यांना मी सकाळीच सांगितलं होतं, तुमचा भाग वगळून. त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

त्याला आळीच्या वळणावर उभं केलं, तेव्हा होता तिथेच. वकीलबाई आणि त्यांची दोन माणसं खालच्या आळीत, पार शेवटच्या घरापाशी. मी फाटकात. त्याने ढोल गळ्यात घातला आणि वाजवायला लागला. लोकांनी कान दाबले. एक बाई खाली बसली. मध्येच त्याचा हात थांबला. तेव्हा सासूबाई उठल्या. काठी टेकत त्याच्यापर्यंत गेल्या. मला वाटलं आता काठी घालणार. त्या म्हणाल्या, "थांबलास का? त्या दिवशी थांबायचं होतंस. आज वाजव. जोरात वाजव."

आणि मी फाटकात उभी राहून ओरडले, "दारं उघडा!"

पहिल्यांदा माझा आवाजच फुटला नाही नीट. दुसऱ्यांदा फुटला. तिसऱ्यांदा मागून दोघी जावा ओरडल्या, मग सगळी आळी. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. एकट्या माणसाचा आवाज पोचतो का, ते बघायचं होतं. पुन्हा एकटी ओरडले. ढोल चालूच होता.

वकीलबाईंनी शेवटच्या घरापासून हात वर केला. स्पष्ट ऐकू आलं होतं.

आणि तेवढ्यात मधल्या एका घराचं दार उघडलं. बेकरीवाली, तीच ती जाडजूड, जिच्या पायरीवर तुमचा भाऊ पडला होता. उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बंद करा तो ढोल! ऐकू आलं होतं. त्या दिवशीही ऐकू आलं होतं. आम्ही कडी धरून उभे होतो आतून." वकीलबाईंनी तिथल्या तिथे तिला विचारलं, कोर्टात सांगाल? ती हो म्हणाली. संध्याकाळपर्यंत आणखी तीन दारं उघडली. बाकीची अठरा बंद आहेत. मला अठराचीही घाई नाही.

मग त्या लोकांनी वाजवलं. ढोल बाजूला ठेवून तो भिंतीशी बसला होता, आज आमच्याकडे तोंड करून. व्हायोलिन वाजत होतं आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती. मी तुम्हाला सांगणार नाही की मन हलकं झालं. पण फाटकाला टेकून शेवटपर्यंत ऐकलं.

आता तुमचं. त्याला तुम्ही वर्षापूर्वीपासून ओळखता आणि तुम्हीच पाठवलंत, हे सासूबाईंना माहीत नाही. मी सांगणार नाही. त्याने जबाब दिला. बेकरीवालीने दिला. आता तुमचा राहिला. पत्रातून नाही, समोर येऊन.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, दुकान बंद ठेवू नकोस. माझ्यासाठी खोटं काही बोलू नकोस.

वन्सं


२२ मार्च

वन्सं, नमस्कार.

तुम्ही गेलात त्या दिवशी सासूबाईंनी तुमच्या पाठीवर हातही ठेवला नाही, ते मी पाहिलं. तुम्ही रिक्षात बसून मागे वळून बघत होतात. मला त्या क्षणी वाटलं, मी तुम्हाला बोलावलं ते चुकलं. पण वाटलं तेवढंच. बोलावलं ते बरोबरच होतं.

तुम्ही गेल्यावर चार दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. जेवल्या, पण ताटाकडे बघत. मी मनात म्हटलं, लेकही गेला आणि लेकही गेली. पाचव्या दिवशी मी दुकानात एक जुनं कुलूप खोलत होते, तर मागे येऊन उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, "त्याचा हात वर्षभर धरून होती?"

मी म्हटलं, "हो."

"मोडावासा वाटला होता म्हणाली."

"हो."

"मला नाही जमलं असतं," त्या म्हणाल्या. "मी मोडला असता." मग स्टूल ओढून बसल्या. मी काम करत राहिले. माझ्या पाठीलाच बोलत होत्या जणू. "वर्षभर दर रविवारी फोन करायची. गुडघ्यांचं विचारायची. एकदा आवाज कापला नाही तिचा. पोटची पोर, आणि मला पत्ता नाही लागला."

मी म्हटलं, "वाईट मनाने नाही केलं त्यांनी."

"ते तू नको सांगूस मला," त्या म्हणाल्या. "तूच तिला चोर म्हणत होतीस फेब्रुवारीत. तोंडाने नाही, पण दिसत होतं."

बघा. आणि आपल्याला वाटत होतं, म्हातारीला काही कळत नाही!

दोन गिऱ्हाइकं आली, गेली. शेवटी म्हणाल्या, "साक्ष कधी त्याची?"

"सतरा एप्रिल."

"मी जाणार."

मी म्हटलं, गर्दी असते, पायऱ्या आहेत, तुमचे गुडघे. त्यांनी हात झटकला. म्हणाल्या, "तिला लिही. सोळालाच ये म्हणावं. कोर्टात माझ्या एका बाजूला तू बसायचं, दुसऱ्या बाजूला ती. तो खरं बोलतोय की आयत्या वेळी फिरतोय, ते मला त्याच्याकडे बघून कळायचं नाही. त्याला मी काय ओळखते? पण ती ओळखते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसणार आहे. एकदा फसवलंय तिने मला. आता तिचा चेहरा मला पुरता वाचता येईल."

मी विचारलं, "असंच लिहू?"

"असंच लिही," त्या म्हणाल्या. "आणि गाडीत जेवून येऊ नको म्हणावं. घरी आल्यावर जेवेल."

तेव्हा सोळाला या.

तुमची वहिनी